मंडूकपर्णीचा अर्क आणि तुटलेला मज्जातंतू



कामगार संघटनेच्या कामात उमर घालवलेल्या माणसाने एका वनस्पतीच्या अर्कावर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर बसून, शब्दकोश शेजारी ठेवून. तरीही हा विषय आम्ही चालकांकडून आपण होऊन मागून घेतला, आणि त्याचे कारण आमच्या कामातच आहे.

पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेस असतात. प्रेसखाली हात सापडला की बोटे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बोटे जागेवर राहूनही हात जातो, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. जखम भरते, टाके निघतात, हात दिसायला धडधाकट दिसतो. परंतु करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर असते, चिमटीत कागद धरला तर ओढताच सुटतो. मुकादम म्हणतो, हा सोंग करतो. घरची माणसे म्हणतात, धीर धर. मग कोणीतरी एक बाटली आणून देतो. बाटलीवर लिहिलेले असते की ब्राह्मीच्या या अर्काने मेलेल्या नसा पुन्हा जिवंत होतात. असाच एक तरुण कामगार संघटनेच्या कचेरीत बसून आम्हांला म्हणाला, "भाऊ, महिन्याला दोन बाटल्या लागतात. पगार तर बंद आहे. यानं नस खरंच परत येते का, तेवढं सांगा."

सरळ 'नाही' म्हणणे सोपे होते. सुशिक्षित माणसे तसेच म्हणतात. सरळ 'हो' म्हणणे त्याहून सोपे. दुकानदार तसे म्हणतो. आम्ही वाचून सांगतो असे म्हणालो, आणि वाचायला लागलो. त्या वाचनातून हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यात 'हो'ही आहे आणि 'नाही'ही आहे. आणि कोणता भाग कोठे लागू पडतो हे कळण्यावर गरिबाचा पैसा आणि त्याचा हात, दोन्ही अवलंबून आहेत.

प्रथम नस म्हणजे काय, हे पाहू. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, स्नायूच्या दोरीलाही नस म्हणतो. आज आम्ही बोलणार आहोत ते मज्जातंतूंविषयी. मज्जापेशी हा शरीरातला मोठा विलक्षण कारागीर आहे. तिचे शरीर डोळ्याला न दिसण्याइतके लहान. पण तिच्यातून निघालेला तंतू कधीकधी हातभर, कधी पुरुषभर लांब जातो. पायाच्या अंगठ्याला जी हालचालीची आज्ञा पोचते, ती कमरेच्या पातळीवर पाठीच्या कण्यात बसलेल्या पेशीच्या एकाच सलग तंतूतून. असे हजारो तंतू एका जुडीत बांधलेले असतात आणि प्रत्येकाभोवती वेष्टण असते. विजेच्या केबलसारखी रचना म्हणा. फरक इतकाच की ही केबल जिवंत आहे.

आता ही केबल तुटली तर काय होते? लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या डॉक्टरने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून हे दाखवून दिले. तंतू तुटला की पेशीपासून अलग पडलेला पुढचा तुकडा काही दिवसांत चुरून नाहीसा होतो. पेशीकडचा तुकडा मात्र जिवंत राहतो. पेशी वाचली असेल तर काही काळाने त्या बुंध्यातून नवा कोंब फुटतो आणि पुढे सरकू लागतो. जुन्या तंतूभोवतीच्या श्वॉन पेशी मागे उरलेल्या असतात. त्या कचरा साफ करतात, रांगेने उभ्या राहतात आणि कोंबाला वाट दाखवतात. खोडावरून तोडलेली जास्वंद पुन्हा फुटते तसे हे आहे. म्हणून 'मज्जापेशींचे पुनरुज्जीवन' हा शब्द जपून वापरला पाहिजे. मेलेली पेशी परत येत नाही. जिवंत पेशीचा तुटलेला हात पुन्हा वाढतो. बाटलीवरच्या मजकुराने पहिली लबाडी येथेच केलेली असते.

हा कोंब किती वेगाने वाढतो? माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला तीन सेंटीमीटर. हा आकडा आपण लक्षात ठेवा, कारण आजचे सगळे व्याख्यान त्याच्याभोवती फिरणार आहे. मनगटावर नस तुटली तर बोटाच्या टोकापर्यंत साधारण अठरा सेंटीमीटरचा रस्ता. म्हणजे सहा महिने. कोपरापाशी तुटली तर पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत तीस सेंटीमीटर धरा; म्हणजे दहा महिने. आणि हे सारे, टोकाला टोक नीट जुळले असेल तर. मधे अंतर पडले असेल तर कोंब भरकटतो, आणि जखमेच्या जागी त्याची गाठ बनून बसते.

इकडे स्नायू वाट पाहत असतो. आज्ञा येत नाही म्हणून तो झिजतो. वर्ष-दीड वर्ष तसाच पडून राहिला तर पुढे तंतू येऊन पोचला तरी त्याला तो दाद देत नाही. बंद गिरणीतले यंत्र गंजून गेल्यावर वीज जोडून द्यावी तसे होते. तेव्हा मज्जातंतूची दुखापत ही वेळेशी शर्यत आहे. दिवसाला एका मिलिमीटरऐवजी सव्वा मिलिमीटर वाढ झाली, तर तीनशे दिवसांचा रस्ता दोनशेचाळीस दिवसांत संपेल. हे नुसते गणित आहे, कोणा औषधाचा दाखला नव्हे. पण दोन महिने लवकर पोचणे म्हणजे कामगाराच्या अंगठ्याची पकड वाचणे, हे त्या गणितातून कळते. म्हणूनच तंतूचा वेग वाढवणारी एखादी वनस्पती असेल, तर तिला हसण्यात अर्थ नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आम्ही सांगितले ते हातापायांतल्या मज्जातंतूंचे. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तुटलेले तंतू असे आपोआप वाढून येत नाहीत. स्पेनचे रामोन इ काहाल यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक इटलीच्या गोल्जींबरोबर विभागून मिळाले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जन्मभर पाहून हाच निष्कर्ष काढला होता. पुढे १९८१ मध्ये कॅनडातील मॉंट्रियल येथे डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले तंतूही त्या पुलात शिरून वाढले. म्हणजे वाढण्याची ताकद तेथेही आहे. भोवतालची जागा तिला वाढू देत नाही. ही मोठी आशेची गोष्ट आहे. परंतु त्याचा अर्थ इतकाच की, अर्धांगवायू झालेल्या किंवा कण्याला मार बसलेल्या माणसाला हातापायांच्या नसांचे प्रयोग दाखवून औषध विकणे ही फसवणूक आहे.

कोंबाला वाढ म्हणून कोण सांगते? या प्रश्नाचे उत्तर एका बाईने शोधले. रिटा लेवी-मोंताल्चिनी यांचा जन्म १९०९ साली इटलीतील तुरीन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढले. त्यांनी घरातल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे मज्जातंतू तपासत राहिल्या. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईस येथे गेल्या, आणि १९५० नंतरच्या दशकात त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी मज्जातंतूंना वाढवणारे द्रव्य शोधून वेगळे काढले. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या माणसाला विद्यापीठाचा दरवाजा बंद होता त्याने निजायच्या खोलीत केलेले काम जगाने डोक्यावर घेतले, ही हकीकत आम्ही आमच्या अभ्यासमंडळातल्या पोरांना नेहमी सांगतो. आज ती सांगण्याचे कारण निराळे आहे. या मज्जावर्धक द्रव्याच्या जोडीनेच पुढे आपल्या वनस्पतीची परीक्षा झाली.

आता वनस्पतीकडे येऊ. 'ब्राह्मी' हे नाव आपल्या देशात दोन झाडांना आहे, आणि येथून घोटाळ्याला आरंभ होतो. एक मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. पाणथळ जागी, विहिरीच्या कडेला, पाटाच्या काठाने ती जमिनीसरपट पसरते. पेरापेराशी मुळे धरते. पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बोथट दात असलेले. कोथिंबीर, जिरे, गाजर यांच्या कुळातली ती आहे. दुसरी जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. तिची पाने बारीक, जाडसर, रसाळ, आणि फूल पांढरट-जांभळे. कुळ अगदी वेगळे. केरळात ब्राह्मी म्हणजे बहुधा जलब्राह्मी. उत्तरेकडे ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही दिली जाते. दोघींतील द्रव्ये वेगळी आहेत. तेव्हा 'ब्राह्मीने गुण येतो' असे कोणी म्हणाला की पहिला प्रश्न विचारावा, कोणत्या ब्राह्मीने?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धीला हितकर अशी चार रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. मंडूकपर्णीचा मान तेथे पहिला आहे. तुटलेल्या नसेवर मात्र हा स्वरस चरकाने सांगितलेला नाही. सांगितला आहे तो मेधा वाढवण्यासाठी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हल्ली कोणत्याही गोष्टीला चरकाचे नाव लावून विकण्याची पद्धत पडली आहे. प्राचीनांचा आदर करायचा तर त्यांनी जे म्हटले तेवढेच त्यांच्या नावावर घालावे.

एकोणिसाव्या शतकात ही वनस्पती निराळ्याच वाटेने युरोपीय वैद्यकात शिरली. १८५० नंतर मॉरिशसमध्ये बॉइलो नावाच्या डॉक्टरने ती कुष्ठरोगावर वापरली. पुदुचेरीत लेपीन यांनी तिचे रासायनिक पृथक्करण करण्याचा यत्न केला. मद्रासच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. हंटर यांनी १८५५ च्या सुमारास ती रुग्णांना देऊन पाहिली, आणि निर्णय दिला तो ऐकण्यासारखा आहे: हा रोग बरा करणारे हे औषध नव्हे, मात्र लक्षणे हलकी होतात आणि प्रकृती सुधारते. १८६८ च्या भारतीय औषधिकोशात तिला जागा मिळाली. कुष्ठरोगाचा आणि मज्जातंतूंचा संबंध जवळचा आहे. त्या रोगाचे जंतू तंतूंभोवतीच्या श्वॉन पेशींतच घर करतात. म्हणून तर हातापायांना बधिरता येते आणि चटका बसलेला कळत नाही. आज कुष्ठरोगावर बहुविध औषधांचा खात्रीचा उपचार आहे आणि तोच घेतला पाहिजे. पण ही वनस्पती मज्जातंतूंच्या दाराशी प्रथम याच रोगाच्या निमित्ताने आली, हे खरे.

पुढचा धागा मादागास्कर बेटावर सापडतो. १९४० नंतरच्या वर्षांत तेथे या वनस्पतीतून 'एशियाटिकोसाइड' नावाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले गेले आणि त्याचे प्रयोग कुष्ठरोगाच्या व्रणांवर झाले. या कामात पियेर बॉईतो नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे होता. आम्हांला त्याच्याविषयी आपुलकी वाटण्याचे कारण असे की, हा गृहस्थ झाडे गोळा करता करता मलगाशी मजुरांच्या संघटनाही बांधीत होता, आणि १९५८ मध्ये त्याने मलगाशी राष्ट्राचा इतिहास लिहिला. त्या द्रव्यापासून पुढे फ्रान्समध्ये जखमा भरून येण्याचे मलम निघाले. कुष्ठरोग बरा करण्याची आशा फळली नाही. जखम भरण्याचा गुण मात्र पदरात पडला. शास्त्रात पुष्कळदा असे होते. मागितले एक आणि मिळाले दुसरे.

आता मुख्य प्रयोगाकडे वळू. अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंड येथे आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठ आहे. तेथील अमला सौम्यनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडूकपर्णीवरचा आपला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध केला. प्रयोगाच्या दोन पायऱ्या होत्या.

पहिली पायरी काचेच्या बशीतली. माणसाच्या मज्जापेशींच्या जातीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घेतल्या. त्यांत लेवी-मोंताल्चिनींचे मज्जावर्धक द्रव्य घातले. त्याच्या जोडीला मंडूकपर्णीचा मद्यार्कात काढलेला अर्क, एका मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅम या प्रमाणात घातला. पेशींचे तंतू लक्षात येण्याइतके लांब वाढले. मग पाण्यात काढलेला अर्क त्याच प्रमाणात घालून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मद्यार्काच्या अर्काचे भाग पाडून एकेक भाग तपासला, तेव्हा 'एशियाटिक अ‍ॅसिड' नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही प्रभावी ठरले. आणि ते ज्या भागांत मुळीच नव्हते असे काही भागही परिणामकारक निघाले. म्हणजे गुण एका द्रव्याचा नाही, दोन-चार द्रव्यांचा आहे.

दुसरी पायरी जिवंत प्राण्याची. उंदरांच्या मांडीतली मोठी नस चिमट्याने दाबून जायबंदी केली. काही उंदरांना पिण्याच्या पाण्यातून मद्यार्कात काढलेला अर्क रोज दिला. वजनाच्या दर किलोला ३०० ते ३३० मिलिग्रॅम. इतरांना दिला नाही. अर्क घेतलेल्या उंदरांचा पाय लवकर पूर्ववत चालू लागला. नस कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा त्यांचे तंतू अधिक जाड आणि वेष्टण चढलेल्या तंतूंची संख्या अधिक आढळली. तंतू अधिक वेगाने वाढले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बंधुभगिनींनो, ही साधी गोष्ट नाही. आपल्या बांधावरची एक भाजी मज्जातंतूच्या कोंबाला पुढे ढकलू शकते, हे काचेत आणि जिवंत शरीरात, दोन्हीकडे दिसले. 'झाडपाला म्हणजे भोंदूगिरी' असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी हा प्रयोग वाचावा. त्याच २००५ साली जपानमधील तोयामा येथील संशोधकांनी अश्वगंधेतल्या 'विथानोलाइड ए' या द्रव्याने इजा झालेल्या मज्जापेशींचे तंतू आणि त्यांच्यातले सांधे पुन्हा तयार झाल्याचे दाखवले. शोधाची ही दिशा पोकळ नाही.

परंतु आता बाटली हातात घेऊन या प्रयोगाशेजारी ठेवू. वनस्पती कोणती? प्रयोगात मंडूकपर्णी होती. बाटलीवर नुसते 'ब्राह्मी'. अर्क कशात काढलेला? बशीतल्या परीक्षेत मद्यार्काचा अर्क चालला, पाण्याचा चालला नाही. बाटलीत काढा आहे की स्वरस, याचा पत्ता नाही. पाण्याचा अर्क सर्वत्रच निरुपयोगी, असेही म्हणता येत नाही. त्याच विद्यापीठात पुढे पाण्यात काढलेल्या अर्काचे प्रयोग उंदरांच्या स्मरणशक्तीवर झाले आणि ते आशादायक ठरले. पण स्मरणशक्ती निराळी आणि हाताची नस निराळी.

प्रमाण किती? किलोला ३०० मिलिग्रॅम हे साठ किलोच्या माणसाला सरळ गुणले तर रोजचा अठरा ग्रॅम अर्क होतो. लहान प्राण्याचे प्रमाण मोठ्या प्राण्याला लावताना जो हिशेब करतात तो केला, तरी तीन ग्रॅमच्या आसपास जातो. आणि हे तीन ग्रॅम पाल्याचे नव्हेत, अर्काचे. बाटलीच्या एका चमच्यात त्यातले किती असते, हे बाटली सांगत नाही. आणि इजा कोणती? उंदराची नस दाबलेली होती, कापलेली नव्हती. दाबलेल्या नसेत बाहेरची नळी शाबूत असते. कोंबाला वाट तयार मिळते. प्रेसखाली कापलेल्या नसेत वाटच तुटलेली असते. रेल्वेचे रूळ उखडले असताना इंजिनात कितीही कोळसा घाला, गाडी पुढच्या स्टेशनावर जात नाही. रूळ जोडण्याचे काम शल्यवैद्याचे आहे. ते सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने करतात, आणि जितके लवकर होईल तितके चांगले. कोणत्याही पाल्याला ते करता येत नाही.

माणसांवर काय झाले आहे, असे आपण विचाराल. मधुमेहाने ज्यांच्या पायांच्या नसा बिघडल्या होत्या अशा थोड्या रुग्णांवर मंडूकपर्णीच्या शुद्ध द्रव्यांची परीक्षा झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. औषध कोणाला आणि नुसती दिखाऊ गोळी कोणाला, हे घेणाऱ्याला व देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक नसते, अशा काटेकोर पद्धतीची ती होती. मुंग्या, जळजळ या लक्षणांत काही दिलासा दिसला. पोर्टलंडमध्येही स्मृती मंदावलेल्या थोड्या वृद्धांना प्रमाणित अर्क देऊन, तो रक्तात किती उतरतो आणि सोसतो की नाही हे पाहिले गेले. ते निष्कर्ष २०२२ साली छापून आले. या आरंभीच्या पायऱ्या आहेत. लक्षण हलके होणे म्हणजे तंतू वाढून येणे नव्हे, हे डॉ. हंटर यांनी मद्रासला केलेल्या भेदावरून आपल्या ध्यानात येईल.

आणि पाला आहे म्हणून निरुपद्रवी, असेही समजू नये. अर्जेंटिनातून २००५ साली तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. वजन उतरवण्यासाठी काही आठवडे या वनस्पतीच्या गोळ्या घेऊन त्यांच्या यकृताला सूज आली होती. गोळ्या थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या. यकृताचा आजार असलेल्याने, गरोदर स्त्रीने, किंवा दुसरी औषधे चालू असलेल्या माणसाने डॉक्टरला विचारल्याखेरीज असा अर्क घेऊ नये. भाजी म्हणून चार पाने खाणे वेगळे आणि अर्क पिणे वेगळे.

यापेक्षाही मोठा धोका आम्हां कामगारांच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव शिसे. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. शिशाची झिलई चढवणाऱ्या कुंभारांचे हात कसे लुळे पडतात, ते त्याने त्यात नोंदले आहे. बॅटरीच्या कारखान्यांतल्या, रंगाच्या कामावरच्या मजुरांचे मनगट गळून पडते, ते शिशाने मज्जातंतू खाल्ल्यामुळे. आता ऐका. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली, त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ७० पैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल यांपैकी काहीतरी आढळले. म्हणजे नस वाढावी म्हणून घेतलेल्या बाटलीतून नस मारणारे विष पोटात जाऊ शकते. दोष वनस्पतीचा नाही. दोष तपासणीविना माल विकणाऱ्याचा आणि विकू देणाऱ्याचा आहे.

तेव्हा हात सापडलेल्या कामगाराने करावे काय? जखम झाली त्याच दिवशी बधिरता कोठे आहे ते तपासून घ्यावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. नस कापली असल्यास ती जोडणाऱ्या शल्यवैद्यापर्यंत लवकर पोचावे. पुढचे महिने बधिर बोटांना चुलीपासून, कडेच्या पत्र्यापासून जपावे. रोज हाताचा व्यायाम करावा, सांधे आखडू देऊ नयेत, कारण तंतू पोचेल तेव्हा त्याला हलते बोट मिळाले पाहिजे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. कर्ज काढून बाटल्या घेऊ नयेत.

परंतु हे सारे कामगाराने एकट्याने करावयाचे असे म्हटले तर ती क्रूर थट्टा होईल. महिन्याला तीन सेंटीमीटर ही निसर्गाची चाल आहे, आणि मालक पंधराव्या दिवशी विचारतो, कामावर येतोस की नाव कमी करू? ज्या नसेला दहा महिने लागतात तिच्या मालकाला दहा महिने भाकरी मिळाली पाहिजे. भरपाईसाठी अपंगत्व ठरवताना तंतूला पोचायला वेळ दिला पाहिजे. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याखेरीज चालणार नाही असा प्रेस असला पाहिजे, म्हणजे हात आत जाणारच नाही. संघटनेच्या मागण्यांच्या कागदावर आम्ही हे लिहितो तेव्हा काही मंडळींना ती आडमुठी हटवादी वाटते. तंतूचा वेग ज्यांनी समजून घेतला त्यांना ती वाटणार नाही.

शेवटी एक मागणी आपणा सर्वांपुढे ठेवतो. काही आयुर्वेदप्रेमी मित्र आम्हांला म्हणतात की तुम्ही परक्यांच्या उंदरांचे ऐकता. आमचे उत्तर असे की, मंडूकपर्णी आपली, जखमी हात आपले, आयुर्वेद महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालये दोन्ही आपल्या राज्यात; मग माणसाच्या हातावरची परीक्षा पोर्टलंडने येऊन करावी असे आपण का म्हणावे? ती अवघड नाही. ज्यांची नस शल्यवैद्याने नीट जोडली आहे असे कामगार घ्यावेत. निम्म्यांना शिसे-पाऱ्याची तपासणी झालेला, द्रव्यांचे प्रमाण ठरलेला अर्क द्यावा. निम्म्यांना तसाच दिसणारा, पण औषध नसलेला. कोणाला काय दिले ते शेवटपर्यंत गुप्त ठेवावे. दर महिन्याला बोटावर बारीक धागा टेकवून स्पर्श कोठवर परतला, चिमटीचा जोर किती आला, ते मोजावे. निकाल 'हो' आला तरी छापावा आणि 'नाही' आला तरी छापावा. अर्क गुणकारी ठरला तर तो कामगार विम्याच्या दवाखान्यात फुकट मिळावा.

अशा परीक्षेला कामगार तयार होतील का, असे आम्हांला एका प्राध्यापकांनी विचारले. समजावून सांगितले, संमती घेतली, नको म्हणणाऱ्याची नोकरी धोक्यात आली नाही, तर तयार होतील. आजही ते स्वतःवर प्रयोग करीतच आहेत. फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाही आणि खर्च त्यांच्या खिशातून जातो. या सभागृहात डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, महाविद्यालयांचे अध्यापक आहेत. त्यांच्यापैकी कोणी पुढे आले तर कामगारांशी बोलण्याचे, त्यांना गोळा करण्याचे काम आमची संघटना अंगावर घेईल, एवढे आश्वासन आम्ही देतो.